भाऊ म्हणतो, "आम्ही तिघंच आहोत, बाहेरच्याची सुई घेत नाही." मग धोका नाही का?

निशिगंधा_कल्याण

नमस्कार. नवीन आयडी काढून लिहितेय, समजून घ्या.

माझा धाकटा भाऊ २६ वर्षांचा आहे. तो पन्नीवर गर्द ओढतो हे घरात माहीत होतं. एकदा सोडवलं, पुन्हा लागला. मागच्या महिन्यात कपडे धुवायला काढले तर त्याच्या पँटच्या खिशात सिरिंज. आईला अजून सांगितलेलं नाही, तिला बीपी आहे.

रात्री त्याला गच्चीवर नेऊन विचारलं. आरडाओरडा केला नाही, त्याने काय होतं ते मागच्या वेळी पाहिलंय. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी काय येडा आहे का? स्टेशनवरच्या गर्दुल्ल्यांची सुई मी कधीच घेत नाही. आम्ही तिघंच असतो. शाळेपासूनचे. दोघंही आपल्याकडे जेवून गेलेत." त्या दोघांना मी ओळखते. एक रिक्षा चालवतो, दुसरा कॅटरिंगच्या कामाला जातो. घरचे चांगले आहेत, दिसायलाही दोघं ठणठणीत.

तिघंच असतील आणि तिघंही धडधाकट असतील, तर एचआयव्ही वगैरेचा धोका खरंच आहे का? की मी उगाच जीव खालीवर करतेय? टेस्ट करू या म्हटलं की म्हणतो, "माझ्यावर विश्वास नाही का?" आणि अजून एक. मी स्वतः मेडिकलमधून नव्या सिरिंज आणून दिल्या तर ते व्यसनाला हातभार लावल्यासारखं होईल का?

उपदेश नको, प्लीज. ज्यांना यातलं कळतं त्यांनीच लिहा.

---

वसंतराव_पेण

उपदेश नको म्हणालात तरी लिहितो. मोबाईल काढून घ्या, मित्र तोडा, सहा महिने गावी पाठवा. आमच्या शेजारच्या पोराला असंच नेलं, आता पोल्ट्री सांभाळतो. संगत सुटली की सगळं सुटतं. आणि बहिणीनेच सिरिंज आणून द्यायची म्हणजे आगीत तेल ओतणं झालं. राग मानू नका.

---

सुईवाले_काका

निशिगंधाताई, मी मुंबईत सुईवर असलेल्या पोरांमध्ये आउटरीचचं काम करतो. त्याआधी बरीच वर्षं मी स्वतःच त्यांच्यात बसायचो. रुळालगतच्या वस्तीत पोरं मला याच नावाने हाक मारतात, तेच इथे घेतलंय.

भाऊ खरं बोलतोय असंच धरू. तिघंच आहेत. आता त्याला एवढंच विचारा, की तू नसतोस तेव्हा बाकीचे दोघं कोणाबरोबर बसतात?

रिक्षावाला सकाळी स्टँडवर असतो. दहा-अकराला त्याची टर्की, म्हणजे माल न मिळाल्यावरची तडफड, सुरू होते. नाक गळतं, पोटात मुरडा, अंग मोडून येतं. तुमचा भाऊ त्या वेळी कामावर. संध्याकाळपर्यंत थांबायचं ठरवलं तरी त्याचं शरीर थांबू देत नाही. तो माल मिळतो तिथे जातो, आणि तिथे जे कोणी बसलेले असतील त्यांच्यात कॉन्ट्री काढतो. कॅटरिंगवाला लग्नसराईत आज नाशिक, उद्या पुणे. तिथे त्याचे वेगळे दोघं-तिघं. म्हणजे बसायला तिघं, पण रक्त तिघांचं नाही. ते ज्यांच्यात बसून आले त्यांचं, आणि ते लोक पुन्हा ज्यांच्यात बसले त्यांचंही. त्यातल्या एकाचंही तोंड तुमच्या भावाने पाहिलेलं नाही.

तुम्ही कल्याणच्या, म्हणून असं सांगतो. कसाऱ्याचा माणूस आणि कर्जतचा माणूस एकमेकांच्या वाटेला जात नाहीत, पण कल्याणला दोघं एकाच फलाटावर येतात. प्रत्येक अड्ड्यावर असा एखादा कल्याण असतो. कधी माल आणून देणारा पोऱ्या, कधी रिक्षावाला. आमच्या वेळी एकजण होता, त्याला सगळे 'डॉक्टर' म्हणायचे. शिक्षण सातवी. पण कोणाची नस सापडत नसेल तर हा मानेची, मांडीची, कुठलीही काढून द्यायचा. फी म्हणून प्रत्येकाच्या मालातला थोडा हिस्सा. दिवसभरात किती जणांचं रक्त त्याच्या बोटांवरून जायचं याचा हिशोब कोणी ठेवला नाही. तो स्वतः काही वाईट माणूस नव्हता, उलट एखाद्याचा हात पिकला तर रिक्षात घालून दवाखान्यात नेणारा तोच. पण वेगवेगळ्या पाच अड्ड्यांना जोडणारा दुवाही तोच होता.

आता दुसरा प्रश्न भावाला विचारा: माल वाटता कसा? सुईबद्दल नका विचारू. सुई प्रत्येकाची वेगळी हे तिघंही आईची शपथ घेऊन सांगतील, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. खरी भानगड वाटणीत आहे. माल विरघळवायचं ढक्कन एक, पाण्याचा ग्लास एक, गाळायचा कापूस एक. पैसे सगळ्यांनी घातलेले, म्हणून कोणाला सिरिंजवरची एक रेघसुद्धा कमी-जास्त चालत नाही. मग ज्याचे पैसे जास्त तो आपल्या सिरिंजमध्ये सगळं ओढतो, रेघा मोजतो आणि तिथूनच दुसऱ्यांच्या सिरिंजमध्ये ढकलतो. त्याची सिरिंज काल वापरलेली असेल तर सुया तीन असून उपयोग काय? आणि ज्याच्याकडे पैसेच नाहीत असा एखादा कोवळा पोरगा शेवटी बसलेला असतो. त्याच्या वाट्याला येतो तो पिळलेला कापूस आणि आधीच्याची सिरिंज. सगळ्यात जास्त धोका त्याला. मुली या घोळक्यात असल्या तर त्यांचाही नंबर असाच शेवटी लागतो.

डोळ्याला दिसेल एवढं रक्त लागतच नाही. हिपॅटायटिस सी, म्हणजे लिव्हर खराब करणारा आजार, त्याचा विषाणू वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. नुसत्या पाण्याने खळखळवून तो जात नाही.

'ठणठणीत दिसतात' हे तर डोक्यातून काढूनच टाका. एचआयव्ही वर्षानुवर्षं दिसत नाही. त्याहून वाईट म्हणजे लागण ताजी असते, त्या पहिल्या काही आठवड्यांत रक्तात विषाणू सगळ्यात जास्त असतो. माणसाला वाटतं थोडा ताप येऊन गेला. त्याच दिवसांत तो सगळ्यांबरोबर नेहमीसारखा बसत असतो. म्हणून घट्ट घोळक्यात एकदा शिरलं की कोणाला पत्ता लागायच्या आत फिरून येतं. मणिपूरमध्ये १९८९-९० ला हेच झालं. सुईवाल्यांच्या तपासणीत आधी जवळपास कोणी पॉझिटिव्ह सापडत नव्हतं, आणि काही महिन्यांत निम्मे सापडायला लागले. सगळे एकमेकांच्या ओळखीचे, गल्लीतले, कॉलेजातले. अनोळखी माणसाची सुई घेणारे त्यात किती असतील?

आजही देशात मोठ्या माणसांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण शेकडा ०.२ च्या आसपास आहे. सुईवाल्यांमध्ये नॅकोच्या (सरकारची एड्स नियंत्रण संस्था) २०२१ च्या पाहणीत ते ९ च्या वर निघालं. दिल्लीत तर अडीच हजारांवर लोकांचं जाळंच मांडून पाहिलंय, कोण कोणाबरोबर घेतो आणि कुठे बसतो. माणसांइतकीच बसायची जागाही महत्त्वाची निघाली. मला त्यात नवल वाटलं नाही. अड्ड्यावर पडलेली सिरिंज कोणाची, हे कोण विचारतो?

आता वसंतरावांसाठी. साहेब, तुमच्या शेजारच्या पोराचं भलं झालं, आनंद आहे. पण मी उलटंही पाहिलंय. पोलिसांनी अड्डा उठवला की पोरं सुधारत नाहीत, पांगतात. चार जुन्या ओळखीच्यांत निदान कोणाची सिरिंज कुठली आणि कोण आजारी एवढं माहीत असतं. पांगल्यावर नवी जागा, नवी माणसं, खिशात सिरिंज नाही, मग समोरच्याची घेतली. जेलमध्ये तर विचारूच नका. आणि सहा महिने गावी राहून परत आलेला पोरगा पहिल्याच दिवशी आपला जुना डोस मारतो. शरीराची सवय गेलेली असते. असा पोरगा डोळ्यांसमोर गेलेला पाहिलाय मी. म्हणून सक्तीने संगत तोडायला माझा विरोध आहे. त्याला स्वतःला तोडायची असेल तर मी पहिला पाठीशी.

तीच संगत वापरायची, ताई. आमचं काम त्यावरच चालतं. चाळीसेक पोरांमागे त्यांच्यातलाच एक पीअर असतो. मी शंभर वेळा सांगून जो चाचणीला येत नाही तो दोस्त म्हणाला की येतो. तुम्ही भावाला एकट्याला टेस्टला बोलावता म्हणून त्याला तो संशय वाटतो. तिघांना एकत्र बोलवा. "तुझ्यावर विश्वास आहे, पण तुमच्या तिघांनाही चौथ्या-पाचव्याचं माहीत नाही," असं सांगून बघा.

सिरिंज आणून द्या, बिनधास्त. कमी नका आणू, दिवसाला जितक्या वेळा घेतो तितक्या, वर दोन. दोस्तांसाठीही. नाहीतर तुमच्या भावाची नवी सिरिंज सगळ्यात आधी रिक्षावाला वापरेल. ढक्कन, पाणी, कापूसही प्रत्येकाचा वेगळा, आणि वाटायचंच असेल तर कोऱ्या सिरिंजने मोजून. सरकारी कार्यक्रमात आम्ही स्वतः सुया वाटतो आणि वापरलेल्या परत घेतो. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यात सरकारी नियमांनुसार चाललेलं हे काम गुन्हा धरायचं नाही असं स्पष्ट आहे. माणूस जिवंत आणि निरोगी राहिला तर सोडण्याची गोष्ट पुढे कधीतरी होईल ना?

---

मंजिरी_समुपदेशक

काकांचं बरोबर आहे, चाचणीपुरती भर घालते. सरकारी रुग्णालयातल्या आयसीटीसीमध्ये, म्हणजे समुपदेशन आणि चाचणी केंद्रात, एचआयव्हीची चाचणी फुकट असते, निकाल गुप्त ठेवतात. आज निगेटिव्ह आली म्हणून मोकळं होऊ नका. मधल्या काळात लागण झाली असेल तर ती लगेच दिसेलच असं नाही, तीन महिन्यांनी परत करायची.

हिपॅटायटिस सी ची चाचणी मागून घ्या, आपणहून बरेच ठिकाणी करत नाहीत. पहिली अँटीबॉडीची टेस्ट पॉझिटिव्ह आली तर घाबरून जाऊ नका. ती फक्त कधीतरी संबंध आला एवढंच सांगते, आणि बरं झाल्यावरही पॉझिटिव्हच राहते. आता विषाणू आहे का ते व्हायरल लोडवरून, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणाऱ्या टेस्टवरून, कळतं. २०१८ पासून राष्ट्रीय कार्यक्रमात याची औषधं मोफत आहेत. लिव्हर फार खराब नसेल तर साधारण १२ आठवडे गोळ्या, आणि बहुतेक जण पूर्ण बरे होतात.

पण एकदा बरं झालं म्हणजे संरक्षण मिळालं असं नाही, पुन्हा लागण होऊ शकते. माझ्याकडे औषध पूर्ण करून गेलेला एक मुलगा पुढच्या वर्षी परत पॉझिटिव्ह आला. त्याच्या जोडीदाराने टेस्टच केली नव्हती. एकट्यावर उपचार करून त्याच घोळक्यात सोडण्यात काही अर्थ नाही, हे तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगते. हिपॅटायटिस बी ची मात्र लस आहे, ती तिघांनीही घ्यावी.

---

हूजियर_मराठी

मी अमेरिकेत इंडियाना राज्यात फार्मसीत काम करतो. 'चांगल्या घरातली, ओळखीची मुलं' वाचून राहवलं नाही.

आमच्या राज्याच्या दक्षिणेला ऑस्टिन नावाचं गाव आहे, वस्ती चार हजारांच्या थोडी वर. ते गाव ज्या काउंटीत (म्हणजे जिल्ह्यात) आहे आणि जिथे वर्षाला एचआयव्हीच्या पाच केसेससुद्धा होत नव्हत्या, तिथे २०१४ च्या नोव्हेंबरपासून वर्षभरात १८१ सापडल्या. दहापैकी नऊ जणांना सोबत हिपॅटायटिस सी होता. ओपाना नावाची वेदनाशामक गोळी विरघळवून लोक टोचत होते. गोळी महाग, म्हणून एक गोळी अनेकांत. काकांनी सांगितलेली वाटणी तीच. काही घरांत आजी, मुलगी आणि नात अशा तीन पिढ्या एकत्र बसून घेत होत्या. घरच्यांपेक्षा विश्वासाचं कोण असतं?

विषाणूची तपासणी केली तर जवळपास सगळ्यांचा वाण एकच. म्हणजे एकदा कोणाकडून तरी आत आला आणि ओळखीओळखीतून गावभर झाला. त्या वेळी राज्यात सिरिंज वाटप बेकायदा होतं. गव्हर्नर माइक पेन्स यांचाही त्याला विरोधच होता. शेवटी २०१५ च्या मार्चअखेर आणीबाणी जाहीर करून त्यांनीच परवानगी दिली आणि एप्रिलमध्ये वाटप सुरू झालं. हिपॅटायटिस सी त्याआधीच त्या भागात वाढत होता. तोच इशारा होता, पण बघणार कोण? चाचणी करणारं केंद्रच राहिलं नव्हतं.

---

वसंतराव_पेण

वाचलं. पटलं असं म्हणत नाही. सुया वाटून व्यसन वाढत नाही का, याचं उत्तर कोणी दिलेलं नाही.

---

सुईवाले_काका

वसंतराव, सुई फुकट मिळते म्हणून गर्द टोचायला लागलेला माणूस मला अजून भेटायचाय. पोरं सुईवर येतात ती पैसे पुरत नाहीत म्हणून. ओढायला जेवढा माल लागतो त्याहून कमी टोचून भागतं. सुया घ्यायला केंद्रावर येणाऱ्यांतूनच आम्हाला ओएसटीला जाणारे मिळतात. न येणाऱ्यांना आम्ही गाठणार कुठे?

---

निशिगंधा_कल्याण

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन रात्री नीट झोपले नव्हते.

काल काकांचे दोन्ही प्रश्न त्याला विचारले. पहिल्याला म्हणाला, "मला काय माहीत?" मग बराच वेळ गप्प. मग स्वतःच म्हणाला की रिक्षावाला दुपारी रुळापलीकडे जातो, तिथली माणसं त्याने कधी बघितलेली नाहीत. वाटणीचं विचारल्यावर माझ्याकडे असा बघायला लागला की तुला हे कोणी सांगितलं! थोडक्यात, तसंच करतात.

शनिवारी टेस्टला यायला तो आणि रिक्षावाला तयार झालेत. कॅटरिंगवाला फोनच उचलत नाही.

आता एक वेगळीच काळजी. रिक्षावाल्याचं गेल्या वर्षी लग्न झालंय, बायकोला पाचवा महिना आहे. तिला यातलं काही ठाऊक नाही, ती मला ताई म्हणते. मी तिला सांगू का? आणि ओएसटी म्हणजे नक्की काय?

---

मंजिरी_समुपदेशक

तुम्ही सांगू नका. नवऱ्याची रिपोर्ट यायच्या आधी तर नाहीच. ते त्याने सांगायचं असतं, आणि कसं सांगायचं यासाठी समुपदेशक त्याच्याबरोबर बसतात, हवं तर दोघांना एकत्र बसवतात. गरोदरपणातल्या तपासण्यांत एचआयव्हीची चाचणी असते, तिची बहुतेक झालीही असेल. पण नवऱ्याला धोका चालू आहे म्हटल्यावर तिची पुन्हा करायला हवी, हे त्याने केंद्रात सांगितलंच पाहिजे. तोपर्यंत कंडोम. आणि समजा तिची पॉझिटिव्ह आली, तरी वेळेत औषध सुरू केलं तर बाळाला लागण होण्याची शक्यता फार कमी होते. पाचवा महिना म्हणजे वेळ गेलेली नाही.

---

सुईवाले_काका

ओएसटी म्हणजे गर्दच्या जागी बुप्रिनॉर्फिनची गोळी, जिभेखाली ठेवून विरघळवायची. सुरुवातीला रोज केंद्रावर जाऊन त्यांच्यासमोर घ्यायची. टर्की येत नाही, म्हणून रिक्षावाल्याला दुपारी रुळापलीकडे जायची गरजच राहत नाही. काही सरकारी रुग्णालयांत आणि संस्थांकडे मिळते. तुमच्या जवळ कुठे आहे ते १०९७ वर फोन करून विचारा, नॅकोची फुकट हेल्पलाइन आहे. गोळी चालू असताना वरून दारू किंवा झोपेच्या गोळ्या नकोत, श्वास अडकू शकतो. पंधरा दिवसांत चमत्कार व्हायची वाट बघू नका, महिनोन्महिने घ्यावी लागते.

कॅटरिंगवाल्याच्या मागे तुम्ही लागू नका. भावाला लागू दे. आपली रिपोर्ट हातात आल्यावर तो जे बोलेल ते तुमच्या-माझ्या बोलण्याहून भारी पडेल. आला नाही तरी त्याच्यासाठी सिरिंज देत राहा.

शनिवारी ओपीडी अर्धा दिवसच असते, सकाळी लवकर निघा. आणि दोघांनी सकाळचा डोस घेतलेला असला तरी चालेल, त्यावरून वाद घालू नका. टर्कीत असलेला माणूस केसपेपरच्या रांगेत टिकत नाही, अर्ध्यातून उठून जातो.